खडखड्याची अक्षरं

स्वतःचं जुनं चित्र समोर आलं की पांचाळ सर चष्मा काढून खिशात ठेवायचे. दुसऱ्या कुणाचं असलं तर नाकाला टेकेपर्यंत जवळ नेऊन बघायचे, कोपऱ्यातली सहीसुद्धा वाचायचे. स्वतःचं मात्र धुरकट दिसलेलंच त्यांना बरं वाटायचं. हे शेवटच्या दोन वर्षांतलं. त्याआधी ते आपल्या चित्रांवर लई खूश असायचे, आणि असणारच. नांदेडात बसून यंत्रमानवाची चित्रकथा काढणारा दुसरा माणूस होता कुठे?

शेषराव पांचाळ आम्हाला शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळा सुटली की रिकाम्या वर्गात बसून 'यंत्र्या' काढायचे. पातळ, पिनांची पुस्तकं. गावातल्याच एका प्रेसमध्ये छापली जायची आणि एसटी स्टँडवर, वह्यांच्या दुकानांत, नांदेडपासून लातूर-उदगीरपर्यंत विकली जायची. यंत्र्याचं धड म्हणजे पंधरा किलोचा तेलाचा डबा, डोकं गॅसबत्तीचं, हातांना डाळमिलमधले पट्टे आणि पुल्या. डब्यावर अर्धवट खरवडलेलं लेबल, एका बाजूला पोचा. शहरातून येणाऱ्या रंगीत पुस्तकांतले यंत्रमानव गुळगुळीत असायचे. यंत्र्या मात्र आपल्याच गल्लीतल्या गॅरेजात कुणीतरी जोडला असावा, असा दिसायचा. म्हणून तो आमचा होता.

सरांचं सगळं शिकवणं दोन वाक्यांत होतं. आधी बघ. बघून पोट भरलं की मग काढ. कुणी घाईनं काढलेलं चित्र दाखवलं की ते फक्त म्हणायचे, "हे हातानं काढलंय, डोळ्यानं न्हाई." कागद परत. त्यांच्या कानामागे कायम पेन्सिलचा तुकडा असायचा आणि खिशात अर्धं ब्लेड. एसटीत ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे, चढणारा प्रत्येक माणूस पायापासून डोक्यापर्यंत बघता यावा म्हणून. कंडक्टरनं दिलेल्या तिकिटाच्या मागे तो माणूस उतरलेलाही असायचा.

एकदा यंत्र्याची बोटं त्यांना जमेनात. बोट वाकताना सांधा कसा दिसतो, ते बघायला ते रोज गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जाऊन बसू लागले. रोट्या लाटणारे, उलटणारे हात बघत राहायचे. शेवटी एका म्हाताऱ्या सरदारजींनी त्यांच्यापुढे पोळपाट सरकवला आणि म्हणाले, "देखते क्या हो मास्टरजी, बेलो." सरांनी दुपारभर वाकड्यातिकड्या रोट्या लाटल्या. पुढच्या अंकात यंत्र्याची बोटं खरी झाली.

माणसाची चाल हा त्यांचा खास विषय. माणूस पाठमोरा ओळखता आला पाहिजे, असं ते म्हणायचे. फळ्यावर चार रेघांत हेडमास्तर काढायचे, पाठमोरे, आणि अख्खा वर्ग हसून लोळायचा. ते स्वतःही हसायचे. हसू आलं की चित्र बरोबर आलं, असं तेव्हा त्यांना वाटत असावं.

खडखड्या त्यातूनच जन्मला. यंत्र्याचा नोकर, भंगारातून जोडलेला, गंजलेला यंत्रमानव. डावा पाय ओढत चालायचा, भलत्याच वस्तू आणून द्यायचा आणि बोलताना अडखळायचा. यंत्र्यानं हाक मारली की त्याचं एकच उत्तर: "क-क-काय मालक?" बघता बघता तो यंत्र्यापेक्षा मोठा झाला. शाळाशाळांत पोरं एकमेकांना तसंच ओ देऊ लागली. आम्हीही द्यायचो. लग्नाच्या पंगतीत, क्रिकेटच्या मैदानात, कुठंही.

पुस्तकातल्या बोलण्याच्या फुग्यांमधली अक्षरं हणमंत नावाचा तरुण लिहायचा. नायगावकडचा, नांदेडात एका पेंटरच्या हाताखाली दुकानांचे बोर्ड रंगवणारा. सर पेन्सिलनं संवाद लिहून द्यायचे आणि हणमंत ते शाईनं सजवायचा. अक्षर असं टपोरं आणि ताठ की छापलेलं वाटावं. लहानपणीच्या पोलिओनं त्याचा डावा पाय बारीक राहिला होता आणि बोलताना तो अडायचा. दुपारी तो सरांशेजारी बाकावर बसून मान खाली घालून लिहीत असायचा आणि आम्ही खिडकीतून बघायचो. खडखड्या कोण आहे, हे आम्हा पोरांना कुणी सांगावं लागलं नाही.

काही अंकांनंतर हणमंत यायचा बंद झाला. सरांना विचारलं तर म्हणायचे, गावाकडं गेला, लग्न झालं, दुकान टाकलं. पुढं प्रेस बंद पडली आणि यंत्र्याही थांबला.

मध्ये बरीच वर्षं गेली. मी नांदेडात डीटीपी आणि डिझाइनचं छोटं ऑफिस टाकलं. सर निवृत्त होऊन लातूरला त्यांच्या मुलीकडे, विद्याकडे, राहायला गेले. ती तिथं कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. आणि एक दिवस पुण्याच्या एका प्रकाशकाचा सरांना फोन आला: सगळा 'यंत्र्या' एका जाड पुस्तकात काढायचा आहे, लहानपणी वाचलेले लोक आता कमावते झालेत, हातोहात घेतील. सरांनी मला बोलावलं. मूळ चित्रं त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. ती स्कॅन करायची, डाग काढायचे, पानं लावायची, हे काम माझ्याकडे आलं.

मी स्कॅनर घेऊन लातूरला गेले. सर शेजारी बसून शेंगा फोडत एकेका चित्राची गोष्ट सांगत होते. मूळ चित्रात छापील पुस्तकात न दिसणारं खूप काही दिसतं. पांढऱ्या रंगानं झाकलेल्या चुका, चिकटवलेले तुकडे, दोन वेगळ्या शाया. मी पान मोठं करून बघत होते. सुरुवातीच्या अंकांत खडखड्याचे फुगे सगळे एका हातचे होते. पुढच्या अंकांत मात्र काहीतरी वेगळं होतं. "काय मालक" हे शब्द फुग्याच्या बरोबर मधोमध, टपोरे, नीट बसवलेले. आणि त्यांच्या आधी उरलेल्या चिंचोळ्या जागेत कोंबलेले दोन बारके 'क', तिरके, पातळ, फुग्याच्या रेघेला लागलेले. एका ठिकाणी तर रेघेबाहेर गेलेले. पुढचं पान काढलं, तिथंही तेच. त्याच्या पुढचंही.

मी विचारलं, "सर, हे क नंतर कुणी घातले?"

सरांचा शेंगा फोडणारा हात थांबला. त्यांनी चष्मा काढला. तेव्हा पहिल्यांदा.

"मी," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं, ते थांबत थांबत. हणमंत ते अडखळण्याचे दोन क लिहायचे सोडू लागला होता. सर पेन्सिलनं लिहून द्यायचे, तो नेमकं तेवढंच गाळायचा. पहिल्यांदा सरांना वाटलं, विसरला. दुसऱ्या अंकातही तेच झालं. त्यानं काही म्हटलं नाही आणि सरांनी काही विचारलं नाही. प्रेसला पानं द्यायच्या आधी ते आपल्या पेननं दोन क घालून मोकळे व्हायचे. लोकांना तेच तर हवं होतं.

"त्यानं मला सांगितलंच होतं की गं," सर म्हणाले. "बोलून सांगणं त्याला जड जायचं. म्हणून न लिहून सांगितलं. अन् मी काय केलं, त्याच्या अक्षराच्या डोक्यावर बसून लिहिलं."

विद्या आतून चहा घेऊन आली, तिनं वडिलांकडे बघितलं आणि कप ठेवून परत गेली. त्या दिवशी आम्ही पुढं काम केलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी लातूरच्या काही वाचकांनी मिळून सरांचा सत्कार ठेवला. पुस्तक येणार ही बातमी पसरली होती. कार्यक्रम चालवणारे एक डॉक्टर होते, 'यंत्र्या'वर वाढलेले. त्यांनी माइकवरून हाक दिली, "खडखड्या!" आणि सगळा हॉल, टक्कल पडलेले बाप आणि त्यांची पोरं, एका आवाजात खडखड्याचं उत्तर ओरडला. मी सरांकडे बघत होते. अंगावरच्या शालीचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं. त्यांचं भाषण ठरलेलं होतं, पण ते उभे राहिले, आभार म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं, माणूस भारावला. घरी जाताना ऑटोत ते एवढंच बोलले, "एवढ्या तोंडांत मी ते घातलंय. ते आता काढू कसं?"

पुढच्या आठवड्यात ते सकाळच्या एसटीनं नांदेडला आले, काखेत काही मूळ चित्रं गुंडाळून. म्हणाले, नायगावला जायचं आहे, तू चल. मला एकट्याला जमायचं न्हाई.

हणमंत शिंद्यांचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. अर्ध्या दुकानात ते स्वतः गाड्यांच्या नंबरप्लेटी आणि पाट्या रंगवत होते, उरलेल्या अर्ध्यात त्यांचा मुलगा महादेव फ्लेक्सचं मशीन चालवत होता. केस पांढरे, पाय तसाच. त्यांनी सरांना लांबूनच ओळखलं. हातातला ब्रश डब्यात ठेवून बाक पुसला. "या सर." चहा सांगितला. महादेव मशीनजवळून हलला नाही.

त्यांचं अडखळणं मी इथं अक्षरांत उतरवणार नाही. त्यानं काय होतं, ते मी बघितलं आहे.

सर पूर्वी त्यांना हणम्या म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "हणमंतराव." हणमंतराव किंचित हसले, पण राव काढून टाका असं म्हणाले नाहीत. सरांनी बोलायला सुरुवात केली. रस्त्यात मनाशी बरंच जुळवलं असावं, पण तोंडातून आलं ते तुटक. "मी तुमची चाल काढली. तुमचं बोलणं काढलं. विचारलं न्हाई. तुम्ही ते लिहायचं सोडलंत तर मी वरून लिहिलं. माफी मागायला आलो."

हणमंतरावांनी हात पुढे केला आणि चित्रांची गुंडाळी मागितली. मांडीवर एकेक पान उलगडून ते आपलंच अक्षर बघू लागले, बोटानं वळणं चाचपत. मग हळू आवाजात वाचू लागले. यंत्र्याचं बोलणं, खडखड्याचं. वाचताना ते मध्येमध्ये अडत होते. पण सरांनी जिथं अडवलं होतं तिथं नाही.

तिसऱ्या पानावर ते थांबले. कोंबलेल्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे माझं न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई," सर म्हणाले. "ते माझं."

"मी 'काय'ला कधीच अडत न्हाई, सर. मी 'मालक'ला अडतो. 'माय' म्हणताना अडतो. पोराचं नाव महादेव ठेवलं घरच्यांनी, त्याला हाक मारताना रोज अडतो. तुम्ही येवढे महिने माझ्या बाजूला बसलाव. तुम्हाला येवढं बी ऐकू आलं न्हाई?"

आवाज वाढलेला नव्हता. सरांनी मान खाली घातली. आयुष्यभर पोरांना बघायला शिकवणारा माणूस, त्याला यापेक्षा मोठं काही कुणी सुनावलं नसेल.

चहा आला. तो पिता पिता हणमंतरावांनी पुढचं सांगितलं, तक्रार म्हणून नाही, झालं ते सांगावं तसं. नांदेडात बोर्ड रंगवायला शिडीवर चढलं की खाली पोरं जमायची. म्हणून गावी आले. पण नायगावात ते यायच्या आधी पुस्तक पोचलेलं होतं. पुढं महादेव शाळेत गेला तर त्याला खडखड्याचा पोरगा म्हणू लागले. आठवीत तो शाळेत जायचं नाही म्हणून बसला, तो बसलाच.

सर म्हणाले, "मी सगळं नव्यानं काढतो. चालणं, बोलणं, सगळं बदलतो. मगच छापू."

हणमंतराव म्हणाले, "चालणं राहू द्या. मी चालतोच तसा, अन् ते तुम्ही बरोबर काढलंय. पण तेवढी अक्षरं काढून टाका. माझ्या फुग्यात तुमचं अक्षर नको."

माफीचं पुन्हा कुणी बोललं नाही. आम्ही निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले. महादेवनं आमच्याकडे पाठ करून मशीनवर नवा रोल चढवला.

परतीच्या बसमध्ये सर पहिल्यांदाच अगदी शेवटच्या सीटवर बसले. म्हणाले, "माफ केलं म्हणाला असता, तर मी घरी जाऊन निवांत झोपलो असतो." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मी प्रत्येक पानावरचे ते क काढले. एकेक फुगा स्वच्छ करून सरांना दाखवला. आतल्या पानावर सरांनी लिहायला सांगितलं: अक्षरे, हणमंत शिंदे. पानं पुण्याला पाठवली आणि दोनच दिवसांत प्रकाशकाचा फोन आला. आवाज गोड होता, पण मुद्दा स्पष्ट. नाव हवं तर मोठं टाकू. पण क-क काढून कसं चालेल? मुखपृष्ठावर तेच आहे, कपांवर, टीशर्टवर तेच छापायचं आहे. लोक पुस्तक घेतात ते त्या दोन अक्षरांसाठी. ती नसतील तर या पुस्तकाला अर्थ नाही.

सर म्हणाले, "मग छापू नका."

प्रकाशकानं मला कितीतरी वेळा फोन केले, सरांना समजावा म्हणून. विद्यानंही सांगून बघितलं. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बाबांचं आयुष्यात एकच काम गाजलं, तेही रद्दीत गेलं, आता कुठे कुणी विचारतंय. हणमंतरावांनी कुठे पुस्तकच नको म्हटलंय? दोन अक्षरांसाठी एवढं कशाला ताणायचं? सर तिला म्हणाले, "त्यानं तेवढंच मागितलंय गं. सगळं मागितलं असतं तर मी भांडलो तरी असतो." पुस्तक निघालं नाही. स्वच्छ केलेली पानं अजून माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहेत.

हे सांगायला सर पुन्हा नायगावला गेले, एकटे. हणमंतराव काय म्हणाले, असं मी विचारलं. "बरं म्हणाला," सर म्हणाले. "अन् हातातली पाटी रंगवत राहिला."

त्यानंतर ते अधूनमधून जातच राहिले. लातूरहून येऊन रात्री माझ्याकडे राहायचे, सकाळी नायगावची गाडी धरायचे. विद्या काळजी करायची. गुडघे दुखतात, एवढा प्रवास कशासाठी? मी विचारलं, तिथं दोघं काय बोलता. सर म्हणाले, काही न्हाई. मी बाकावर बसतो. तो काम करून राहिला की बघतो. कधी चहा सांगतो, कधी न्हाई. त्यांना कुणी या म्हटलेलं नव्हतं आणि कुणी जा म्हटलेलं नव्हतं. महादेव त्यांच्याशी एक शब्द बोलत नसे. त्याबद्दल सर म्हणायचे, त्याचं बरोबर आहे.

चित्रं काढणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. तिकिटाच्या मागची बाजूही कोरी राहू लागली. मी एकदा म्हटलं, सर, हणमंतरावांचं एक चित्र काढा, आता नीट बघून. त्यांनी मान हलवली. "आता फक्त ऐकायचं," म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात लातूरला, दुपारी झोपेतच, सर गेले. त्याच्या महिनाभर आधी मला एका कामासाठी बिलोलीला जायचं होतं. वाटेत नायगाव येतं. सर त्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिकडं गेलेत, हे मला ठाऊक होतं. म्हणून परतताना त्यांना बरोबर घ्यावं असं ठरवलं. दुकानात महादेव एकटाच होता. माझ्याकडे न बघता त्यानं शाळेच्या दिशेनं हात केला.

शाळेच्या लांबलचक भिंतीला नवा पांढरा रंग दिला होता. तिच्यावर सुविचार लिहायचं काम हणमंतरावांकडे होतं. लिहिण्याआधी ओळी आखायला पेंटर लोक निळीची पूड चोळलेली दोरी भिंतीवर ताणून धरतात आणि जराशी ओढून सोडतात, म्हणजे सरळ रेघ उमटते. दोरीच्या एका टोकाला, शिडीच्या दुसऱ्या पायरीवर, हणमंतराव होते. दुसऱ्या टोकाला, भिंतीच्या पार त्या अंगाला, पांचाळ सर. दोन्ही हात डोक्यावर नेऊन ते टोक भिंतीला दाबून उभे होते. शर्टाच्या बाह्या, मान, कान, सगळं निळं.

मी हाक मारणार होते. तेवढ्यात हणमंतराव म्हणाले, "सर, जरा वर घ्या." सरांनी टाचा उचलल्या. "बस. आता हलू नका."

सर हलले नाहीत. दोरी सुटल्याचा आवाज आला आणि भिंतीवर निळी रेघ उमटली. हणमंतराव तिच्याकडे बघत एक पायरी खाली उतरले आणि पुढच्या ओळीसाठी दोरी परत ताणली.